न शिकवलेली सुकेळी

रेजिना गेली तेव्हा तिची सुकेळी दुसऱ्या दिवसावर होती. वसईतल्या आमच्या सांडोर गावाबाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही. पिकलेली राजेळी केळी सोलून अंगणातल्या मांडवावर, बांबूच्या चटयांवर उन्हात वाळत मांडायची, ऊन उतरलं की गोळा करून केळीच्या पानांत गुंडाळायची आणि सकाळी पुन्हा मांडायची. असं आठ दिवस. मध्ये एक संध्याकाळ चुकली तरी माल गेला. पण मरणाला हे कोण समजावणार?

त्याच दिवशी दुपारी दफनविधी झाला. घरी परतल्यावर सून रोवेना हिचं लक्ष अंगणातल्या मांडवाकडे गेलं. केळी उघडीच होती.

"टाकून दे ती," नवरा प्लासिड थकून म्हणाला. "तुला कुठे येतं ते?"

हेच तर तिला बोचलं. रोवेना विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, शाळेत शिक्षिका. बावीस वर्षांच्या संसारात सासूने तिच्या हाती स्वयंपाकघर दिलं, कपाटाच्या किल्ल्या दिल्या, तिची दोन्ही बाळंतपणं निगुतीने केली. पण सुकेळ्यांना बोट लावू दिलं नाही. "तुझा हात ओला हाय," एवढं म्हणून विषय संपवायची. आपण या घरच्या झालोच नाही, असं रोवेनाला वाटत राहिलं. आता विचारायचं तरी कोणाला?

ती साडी न बदलताच अंगणात बसली आणि केळी गोळा करू लागली.

तसं पाहिलं तर रेजिनासुद्धा मूळची सांडोरची नव्हे. अर्नाळ्याची. एकोणिसाव्या वर्षी लुईस मास्तरांशी लग्न होऊन आली आणि पहिल्याच हंगामात तिने केळी रात्रभर मांडवावर तशीच ठेवली. माहेरी बोंबील रात्रंदिवस वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या बांबूंवर, लटकलेले असायचे, त्यांना कोणी कधी घरात घेतलं होतं? सकाळी दवाने सगळी केळी काळी पडली. गावाने तिला बोंबीलवाली म्हणायला सुरुवात केली आणि पुढे दहाएक वर्षं तरी ते नाव काही सुटलं नाही.

पण बाई जिद्दीची. पुढे तिच्यासारखी सुकेळी गावात कोणी करेना. मास्तर लवकर गेले, तीन मुलं पदरात. ती रडत बसली नाही, निदान कोणाच्या देखत तरी नाही. तोंडाने फटकळ होती. दारात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही आणि जेवताना त्याचे कान उपटल्याशिवायही राहायची नाही. पाहुण्याला सुकेळं द्यायची ते एकच. फादरांना दोन, पण प्रवचन लांबलं असेल तर त्यांनाही एकच.

रोवेनाने शाळेतून रजा घेतली. बावीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलेलं सगळं हातांना आपसूक येत होतं. कोणतं केळं कधी उलटायचं, पान किती घट्ट आवळायचं, काही अडलं नाही. वाळवणाच्या सहाव्या दिवशी केळ्यांवर मधासारखा रंग चढला. तिला आनंद झाला आणि त्याहून जास्त राग आला. हात ओला होता म्हणे.

सातव्या दिवशी शेजारची क्रिस्टीनामावशी कुंपणाशी येऊन उभी राहिली. रेजिना लग्न होऊन आली तेव्हापासूनची ही तिची मैत्रीण.

"रेजिनाने पाह्यलं असतं तर तुला ओरडली असती," ती म्हणाली.

"माहीत आहे. माझ्यावर भरवसा नव्हता त्यांचा."

"भरवसा? अगं, तिची आय गेली तेव्हा दुपारी निरोप आला. केळी मांडवावर. सासू म्हनाली, बांधून ठेव नि मग जा. ही बांधत बसली. अर्नाळ्याला पोचली तर मानसं कबरस्तानातून परत येत होती. आयचं तोंड पन दिसलं नाय, मूठभर माती पन टाकता आली नाय." क्रिस्टीनामावशीने मांडवाकडे बोट केलं. "तू लग्न होऊन आलीस तेव्हाच मला बोलली, या पोरीला शिकवनार नाय. एकदा हात बसला की बाई मांडवाला बांधली जाते."

रोवेनाच्या हातातलं पान तसंच राहिलं. बावीस वर्षं उराशी धरलेला राग आता कुठे ठेवावा ते तिला कळेना.

पुढचा दिवस सुकेळ्यांच्या शेवटच्या, आठव्या उन्हाचा, आणि रेजिना गेल्यापासून सातवा म्हणून तिच्यासाठीच्या चर्चमधल्या मिस्सेचाही. मिस्सा पाच वाजता होती. साडेचारला भर मार्चात आभाळ भरून आलं आणि थेंब पडू लागले. सगळी केळी गोळा करून बांधायला चांगला तासभर लागला असता.

प्लासिड छत्री घेऊन दारात उभा होता. त्याने मांडवाकडे पाहिलं, मग बायकोकडे. "तू थांबतेस का? मी पुढे होतो. फादरांना सांगतो."

"नको," रोवेना म्हणाली. "भिजू देत."

तिने हात धुतले, पदर सारखा केला आणि ती त्याच्यासोबत निघाली. घंटा व्हायच्या आधी ती पहिल्या बाकावर होती.