ज्वारीची कणीक

वलगावचा एक गाडीवान कापूस घेऊन अमरावतीच्या पेठेत चालला होता. त्याच्या बैलाने माझ्या दारातल्या तुळशीत तोंड घातले म्हणून मी काठी घेऊन बाहेर आलो आणि तोंडाला येईल ते बोलू लागलो. त्याने मुकाट्याने बैल मागे ओढला. मग काठीकडे न बघता म्हणाला, “बुवा, तुमचा सोपान मृदंग्या गेला. तुमाले ठाव नाई का जी? आज पाचवा दिस.”

नव्हते ठाऊक. दोन कोसांवरचे गाव, रोज पन्नास गाड्या येतात-जातात, आणि सव्वीस वर्षे माझ्यामागे उभा राहिलेला माणूस गेल्याचे मला पाचव्या दिवशी बैलामुळे कळले... कोणी कळवले नाही, आणि कळवणार तरी का? अकोल्याहून परतल्यापासून मी त्याच्याशी शब्द बोललो नव्हतो. तो गेल्याला आता सहा महिने होऊन गेले. माझ्या कीर्तनाला टाळ्या देणाऱ्या मंडळींनी हेही एकदा ऐकावे, म्हणून लिहितो आहे.

सोपान जातीचा कुणबी, वलगावला थोडी काळी जमीन. अंगाने काटकुळा, बोलायचा मोजकेच, पण डाव्या हाताची थाप अशी की देवळाची समई थरथरावी. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तो घुमतो. ही कणीक त्याची माय मळून द्यायची. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नव्हते, पण बोटांना सगळे कळे. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तो गव्हाच्या पिठाचा गोळा घेऊन सोपान कीर्तनाला यायचा. म्हातारीचा एक दंडक होता. मृदंगाचे पीठ घरचेच पाहिजे, यजमानाच्या घरून मागायचे नाही. “मागितल्या पिठाचा मृदंग भीक मागते,” असे ती म्हणायची. कीर्तन संपले की सोपान कणीक खरवडून काढायचा आणि दिसेल त्या गाईला घालायचा. वाळलेली कणीक पुडीवर, म्हणजे मृदंगाच्या चामड्यावर, राहिली तर पुडी फाटते, उंदीर कुरतडतात. टाळकऱ्यांपैकी कोणी मृदंग वाजवून कणीक तशीच ठेवली तर एवढा गरीब माणूस, पण वाघासारखा अंगावर धावायचा.

पंचेचाळीस वर्षांच्या त्या माणसाला मायेशिवाय जगात कोणी नव्हते. लग्न केले नाही, कारण आंधळीला सांभाळणारी सून मिळेना. माय गेली आणि तेरा दिवस झाल्यावर तो कीर्तनाला उभा राहिला आणि मृदंग रिकाम्या डब्यासारखा वाजला. स्वतः मळलेली कणीक कधी पातळ, कधी दगड. मी चिडायचो. तो म्हणायचा, “उद्या जमते बुवा.” दोन महिने हेच चालले होते. आणि एका एकादशीला मृदंग पुन्हा असा घुमला की मी निरूपण विसरलो.

“कणीक कोणी मळली रे?” मी नंतर विचारले.

“हाय एक,” एवढेच बोलला आणि पंचेचाळीस वर्षांचा बाप्या कानापर्यंत लाल झाला.

ती रुखमा. व्यापाऱ्याच्या वाड्यात चरखीवर सरकी काढायला जायची, केसांत कायम कापूस अडकलेला. नवरा पटकीने गेलेला. देवळाच्या पायरीवर बसून तिने कीर्तन ऐकले होते, आणि सोपान बाहेर पडताच सरळ विचारले होते, “काहून जी, तुमचा मृदंग रडून राहिला?” त्याने सांगितले, माय गेली. “मंग काय मृदंगालेबी मारता? पीठ तुमचं घेऊन या, मळून मी देईन.” हे त्यानेच मला पुढे गाडीत सांगितले, तेही हसून. माय गेल्यावर त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिले.

मग एक दिवस म्हणाला, “बुवा, मी पाट लावून राहिलो.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, हे मला काय माहीत नव्हते? पण माझ्या घरात माझी धाकटी बहीण गोदी अकराव्या वर्षापासून लाल आलवणात, केशवपन करून चुलीपुढे बसलेली. तिच्यासमोर ही आनंदाची बातमी मी कोणत्या तोंडाने न्यावी? ते बोलायची छाती नव्हती, म्हणून त्यालाच बोललो, “या वयात ही थेरं?” तो म्हणाला, “वयाचं काय बुवा, पुडी बदलली का मृदंग नवाच.” पाट अंधाऱ्या पंधरवड्यात लागतो, वाजंत्री नसते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारी वाजवणाऱ्या त्या माणसाने माझ्याकडे एकच मागणे केले, “तुमी या अन् एक अभंग म्हना. बिनावाजाचा काही चांगला नाई लागत.” मी गेलो नाही. पोट दुखते म्हणून निरोप धाडला. त्याने पुढे कधी तो विषय काढला नाही, आणि त्याच्या संसाराला दृष्ट लागावी इतके ते दोघे सुखात राहिले.

मग अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपली आणि वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. ज्याने त्याने ज्वारी मोडली, गहू मोडला, बांधापर्यंत कापूस पेरला. सोपाननेही पेरला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या आणि माणसांच्या ताटातली पोळी गेली. गहू तर औषधाला मिळेना. आम्हा कीर्तनकारांची मात्र चंगळ झाली. जो तो नवा शेठ, नवी हवेली, आणि नव्या हवेलीत पहिले कीर्तन माझे. वय साठीकडे झुकले होते, पण माझा गळा अजून तसाच आहे, याचा मला मोठा ताठा होता.

अकोल्याच्या एका व्यापाऱ्याचे बोलावणे आले. तीन दिवसांची गाडीवाट. सोपान वाटेत एकदा, रुखमा आजारी आहे असे काहीसे म्हणाला, मी “हूं” केले आणि डुलकी काढली. हवेलीत हंड्या-झुंबरे, पांढऱ्याशुभ्र बैठकी, बाळापूरपासून आलेली मंडळी. पूर्वरंग रंगला, गजर टिपेला गेला, आणि मृदंगाची कणीक तडकली. एक तुकडा पडला, दुसरा पडला, मग मधला मोठा गोळाच त्या पांढऱ्या बैठकीवर; पुडीच्या कडेला थोडी चिकटून राहिली तेवढीच. मृदंग टणटण वाजू लागला. सोपान वाकून तुकडे वेचत होता. मंडळीत खसखस पिकली. आणि मी, ज्याला टाळी हातची सोडवत नाही, म्हणालो, “मृदंग्या म्हातारा झाला की मृदंगाचीही बत्तिशी गळते, मंडळी!”

हवेली हसली. शेठ तर मांडीवर थाप मारून हसला.

परतताना मूर्तिजापूरजवळ मी त्याला सांगितले, “सोपाना, आता तू आराम कर. मी दुसरा माणूस पाहतो.” त्याने एकदाही मान वर केली नाही. “बरं बुवा,” म्हणाला.

दुसरा मृदंग्या चांगला तरणाबांड होता. त्याच्यासोबत मोर्शीच्या पहिल्याच कीर्तनात माझा गळा फाटला. मी त्याच्यावर खेकसलो, मृदंग चढा मिळवलास म्हणून. तो बिचारा म्हणाला, तुम्हीच सूर सांगितला होता, त्यालाच मिळवला. महिनाभरात मी त्याला हाकलले. नंतरचाही टिकला नाही. कीर्तने आपोआप कमी झाली. तरी सोपानकडे जायचे मनात येईना... आपण माफी मागितली तर आपले काय राहिले, असा तो मूर्खपणा.

गाडीवानाच्या निरोपानंतर वलगावला गेलो. सव्वीस वर्षांत मी त्याच्या ओट्याच्या आत पाऊल टाकले नव्हते, सोवळ्याचा माणूस ना मी. रुखमा कोपऱ्यात बसली होती, अर्धी झालेली. कीर्तन सुटल्यावर सोपान दुसऱ्यांच्या कापसाची ओझी वाहायला जात होता, हिवतापाने पडला आणि आठ दिवसांत आटोपला. मी म्हणालो, “मला कळवायचं तरी.”

“काहून कळवाचं?” ती म्हणाली. “तुमाले म्हातारा मानूस नोको होता ना?”

मी अकोल्याची कणीक काढली. त्याचे हात थकले होते, मी काय करणार, असे काहीबाही बोललो. 

“गव्हाची नोती ते कणीक, बुवा. जवारीची होती. घरात पसाभर गहू होता, तो यायनं माह्या पेजेसाठी ठेवला. मी मरनावर होती. जवारी ओली हाय तवर धरते, हात पडले का तडकते, हे त्यायले ठाव नोतं का? पन मायचा दंडक, शेठच्या घरून पीठ मागाचं नाई.”

“मग बोलला का नाही मला?”

“म्हनलं मी, सांगा ना बुवाले. तर म्हने, बुवानं मले म्हातारा म्हनलं तर म्हनो. मी त्यायले कवा म्हनलं?” ती हळूच म्हणाली, “तीन साल झाले, तुमचा गळा उतरून राहिला होता. हरेक येळी मृदंगाचे लाकडी गट्टे सैल करून त्याचा सूर तुमच्या गळ्याइतका खाली आनत. मले म्हनत, बुवाच्या कानी पडू नोको देऊ, त्यायचा जीव गळ्यात हाय.”

मी तिथेच त्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसलो. पाणी दिले तिने. प्यालो.

मृदंग खुंटीला होता. तिने तो काढून माझ्यापुढे ठेवला. डाव्या पुडीच्या कडेला ज्वारीची उरलेली कणीक वाळून कडक झाली होती. दुसऱ्याने एक कण ठेवला तर अंगावर धावणाऱ्या त्या माणसाने अकोल्याहून आल्यावर ती खरवडलीच नव्हती. मी उजव्या पुडीवर बोट मारले आणि षड्ज लावला. सूर मिळाला. माझा आजचा, थकलेला, खाली उतरलेला सूर त्या लाकडात जसाच्या तसा होता.

मृदंग तिने मला दिला. म्हणाली, “इथं उंदरं खातीन.” मला वाजवता येत नाही. दर एकादशीला गोदी पसाभर गव्हाची कणीक मळून देते. पहिल्यांदा मळताना तिने विचारले, “त्या रुखमाचा पाट खरंच लागला होता का रे दादा?” मी हो म्हणालो. मला तिच्याकडे बघवले नाही. मी कणीक डाव्या पुडीला थापतो, त्याच्या पाटाला म्हणायचा राहिलेला अभंग खालच्या सुरात म्हणतो, आणि मग ओली आहे तोवर सगळी खरवडून गाईला घालून येतो.