दारावरचं हँडल

शोरूममधल्या नव्या गाडीतून उतरताना आईचा हात सवयीने दाराच्या वर गेला, तिथं काहीतरी चाचपत राहिला आणि रिकामाच खाली आला. धरायचं हँडल तिथं नव्हतंच.

याच कंपनीची ही माझी तिसरी गाडी झाली असती. आधीच्या दोघींनी कधी दगा दिला नाही. त्यांच्यासाठी मी मित्रांशी भांडलोय. ही नवी तर दिसायलाही देखणी, पुढे भलामोठा स्क्रीन. पण मागच्या सीटची हँडलं काढून टाकलेली.

"हल्ली कोणी वापरत नाही सर," सेल्समन हसून म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "कोणी म्हणजे कोण? गुडघे दुखणारी माणसं गाडीत बसत नाहीत? किंमत वाढवता आणि हाताचा आधार तेवढा काढून घेता?"

आई माझा खांदा धरून कशीबशी उतरली आणि पदर सावरत सेल्समनला म्हणाली, "याचं मनावर घेऊ नका हो. गाडी छान आहे तुमची. माझेच गुडघे कामातून गेलेत."

गाडी न घेताच आम्ही निघालो. राग मात्र अजून गेलेला नाही. ज्याला आधार लागत नाही, त्याला तो फालतूच वाटणार. हँडल काढलं त्यांनी, आणि ओशाळली माझी आई.