खोक्यांचे धवले

राहनाळच्या एका गोदामात मी गेली बारा वर्षं स्टॉक बघते. कुठला माल कुठल्या रॅकवर चढला, कुठला बाहेर पडला, कुठल्या खोक्याला उंदीर लागला, सगळं मला तोंडपाठ. या जगात माझा एकच वैरी, तो म्हणजे डेड स्टॉक. कुणी न मागितलेला, जागा अडवून बसलेला माल दिसला की माझं डोकं फिरतं, आणि ते घरीसुद्धा फिरतं. नवऱ्याने एकदा त्याची छत्री तीन दिवस शोधली. ती मी केव्हाच भंगारवाल्याला देऊन टाकली होती, कारण पावसाळा संपून दोन महिने झाले होते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे झालं त्यात दोष कुणाचा हे विचारायला नको.

गोदामात दसऱ्याला पूजेनंतर लकी ड्रॉ असतो. मला कुकर हवा होता. कुकर पॅकिंगवाल्या बाईला लागला आणि मला लागला टॅब. मी तिला म्हटलं, बदलून घेऊ या. तिने कुकर पोटाशी धरला आणि चक्क पाठ फिरवली. तो टॅब मग टीव्हीशेजारी पडून राहिला. नवरा त्यावर गावोगावच्या क्रिकेटच्या मॅची बघायचा, तेवढाच त्याचा उपयोग. मी त्याला डेड स्टॉकात टाकणार, तेवढ्यात आत्या आली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिला वळ गावात दिलेली, मलाही वळमध्येच दिलेली, त्यामुळे आमच्या घरांत दोन गल्ल्यांचं अंतर. आत्या धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नाचे विधी गाण्यांनी चालतात. त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि ते म्हणणारी ती धवलारीण. पूर्वी आत्याशिवाय गावात कुणाला हळद लागत नव्हती. आता हळद म्हटलं की आधी डीजे ठरतो, मग नवरी.

माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा भाऊ आत्याला म्हणाला, पाच मिनिटं म्हण, मग डीजेवाल्याला चालू करायचंय. वर म्हणाला, आता तशी गरज न्हाय, पण रीत आहे म्हणून. रविवारी सकाळी आत्या माझ्याकडे आली, दार लोटून घेतलं, स्टुलावर बसली आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"मना आता आठवत न्हाय गो. मधीच ओळ जाते."

गेल्या दोन लग्नांत तिने खोकला आल्याचं सोंग करून वेळ मारून नेली होती. देवांना मांडवात बोलवायचा जो धवला आहे, त्यात वेशीवरचा देव झाला की पुढे कोण, तिथे तिची गाडी अडायची. आता भाच्याच्या मांडवात अडली तर डीजेवाला बटण दाबणार, आणि एकदा दाबलं की तिला पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. ती चौथी शिकलेली. वाचता येतं, पण डोळे गेलेत. अक्षर वड्याएवढं पाहिजे म्हणाली. सगळे धवले वड्याएवढ्या अक्षरात उतरवून हळदीच्या आत पुस्तक करून दे, आणि कुणाला सांगू नको. मला भरून आलं, आणि भावाचा असा राग आला की दिवसभर मी नवऱ्याशी भांडले.

दुसऱ्या दिवसापासून ड्युटीवरून आले की आत्या हजर. ती म्हणणार, मी टॅबवर टाइप करणार. पण आत्याला धवला नुसता सांगता येत नाही, गावाच लागतो. मधे "काय म्हणालीस" असं विचारलं की ती रागावून पहिल्यापासून सुरू करते. माझा टायपिंगचा वेग बघता एकेक धवला मी वीस-वीस वेळा ऐकला. नवरा कानात बोळे घालून जेवायला लागला. देवांना बोलवायचा धवला इतक्यांदा झाला की गावदेवीने चुकून कधी कॉल उचलला तरी तिला आधी माझं "काय म्हणालीस"च ऐकू येईल, अशी गत झाली.

ओळी अडायच्या त्या अडायच्याच. वेशीवरचा देव झाला की आत्या थांबे, डोळे मिटे, मांडीवर थाप मारे, आणि पाच-दहा मिनिटांनी खाडीवरची आई सापडे. सापडली की दोघी हुश्श करायचो आणि चहा घ्यायचो.

टाइप तर झालं, पण पुस्तक होईना. टॅबमधलं ॲप प्रत्येक पानावर स्वतःचं नाव तिरकं छापायचं, आणि अक्षर मोठं केलं की वेलांटी एका ओळीत, अक्षर दुसऱ्या ओळीत. आमच्या गोदामात स्कॅनर दुरुस्त करायला एक मिशाळ गृहस्थ येतात, खिशाला चार पेनं लावून. त्यांना विचारलं. ते म्हणाले, मॅडम, टॅबच्या आत लिनक्स टाका, म्हणजे आत अख्खा कॉम्प्युटर बसेल, पुस्तक काय, पेपर काढा. मला वाटलं थट्टा करतायत. ते म्हणाले, इंजिनियरला शिकवायला महिना लागतो, तुम्हाला एक दिवस. ते सगळं गोदामच आहे.

आणि खरंच गोदाम निघालं हो. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या ओळी मी रविवारी टॅबवर उघडलेल्या काळ्या पडद्यावर टाकत बसले. बटण नाही, चित्र नाही, नुसतं लिहायचं. पण आत काय शिस्त! दूर कुठेतरी त्यांचं मोठं गोदाम आहे. तिथून पॅकेज मागवायचं. एका पॅकेजला दुसरं लागत असेल तर ते आपणहून सोबत येतं. आधी यादी दाखवतात, मग माल उतरवतात, मग खोलतात, मग जागेवर लावतात, आणि प्रत्येक पायरी लिहून कळवतात. बारा वर्षं मी लोडरच्या कानीकपाळी हेच ओरडतेय. पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नवऱ्याला वाटलं टॅब बिघडला.

पासवर्ड टाकायला सांगितला तेव्हा मात्र आमचं वाजलं. मी टाकतेय आणि पडद्यावर एक ठिपका उमटत नाही. कीबोर्ड आपटला, नवऱ्याच्या नावाने ओरडले, पुन्हा टाकला. फोन केल्यावर कळलं, तो दिसतच नाही, तशीच पद्धत आहे. मग हे आधी सांगायला काय झालं होतं?

संध्याकाळी एकदाचा तो डेस्कटॉप उघडला, आणि समोर काय, तर उंदराचं चित्र, त्या डेस्कटॉपची खूणच म्हणे ती. ज्या बाईने आयुष्य पिंजरे लावण्यात घालवलं तिच्या घरात चार्जिंगला लावून ठेवलेला उंदीर! मेनूतली अक्षरं मोहरीएवढी. बोट एकीकडे लावावं तर तिसरंच काही उघडायचं, म्हणून गोदामातला जुना वायरवाला माऊस विचारून आणला. म्हणजे उंदीर एकाचे दोन झाले. आत्या म्हणाली, टीव्हीच्या आत टीव्ही कशाला घातलास, बाहेरचा काय चावत होता?

मी ऐटीत धवल्यांची फाइल उघडली. पानभर नुसते चौकोन. अक्षर एक नाही, सगळे रिकामे खोके, एकाला एक लावून ठेवलेले. दिवसभर खोके बघून घरी यावं तर घरीही खोके. मिशाळ गृहस्थ फोनवर शांतपणे म्हणाले, मॅडम, तुमच्या स्टॉकमध्ये मराठी अक्षरंच नाहीत, मराठीचा गठ्ठा मागवा. मागवला. सोबत आणखी पन्नासेक पॅकेजेस आली, आणि खोक्यांच्या जागी अक्षरं उभी राहिली, वड्याएवढी. आत्याने काचेवर बोट ठेवून पहिली ओळ वाचली, मग दुसरी. मग म्हणाली, भूक लागली. त्या दिवशी मी खरोखरच वडे तळले.

पुस्तक झालं. हळदीच्या दिवशी सकाळी भिवंडीतल्या पत्रिका छापणाऱ्याला फाइल पाठवायची होती, आणि नेमकं टॅबने कळवलं, जागा संपत आली. झालं, माझ्या अंगात आलं. सगळा माल तपासायला घेतला. त्यात एक गठ्ठा असा सापडला की नाव लांबलचक इंग्रजी आणि आत काही नाही. रिकामा गठ्ठा, नुसतं लेबल! उचलून फेकला. तर कॉम्प्युटर अदबीने म्हणतो, याच्यासोबत अमुक पॅकेजेस आपोआप आली होती, आता त्यांची गरज नाही, ऑटोरिमूव्ह करा. बारा वर्षांत माझ्याशी कुणी इतकं गोड बोललं नव्हतं. मी होकाराचं वाय दाबलं. एका मिनिटात सगळा डेड स्टॉक साफ, आणि मला डोक्यावरून न्हाल्यासारखं हलकं वाटलं.

तेवढ्यात छापणाऱ्याचा फोन, फाइल लवकर पाठवा. मी आता तयारीची झाले होते. फाइल उघडायचीसुद्धा गरज नाही, काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली की थेट पीडीएफ. लिहिली आणि पाठवली. दुपारी त्याचा फोन आला.

"भाभी, डिज़ाइन एकदम मस्त है."

मी म्हटलं, मैंने खुद बनाया है.

पुस्तक आणायला नवरा गेला तो अंजूरफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकला आणि थेट मांडवात पोहोचला, आत्या पाटावर बसल्यावर. पिवळा कागद, कोपऱ्यात कलश. मी हळदीचं ताट धरून समोर बसले होते. आत्याने चष्मा लावला, पुस्तक उघडलं, आणि मला ते उलटं दिसलं. उलटं असो की सुलटं, काही फरक पडत नव्हता. पानभर खोके होते. सुबक, काळे, वड्याएवढे खोके. पुढच्या पानावरही तेच, त्याच्या पुढच्या पानावरही.

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की तो रिकामा गठ्ठा मराठीचाच होता, आणि त्याच्यासोबत आलेली अक्षरंही मीच फेकली होती. मला रडायला येत होतं आणि आजूबाजूला सगळी भावकी हसत फोटो काढत होती. आत्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ती उठणार. तिने चष्मा सारखा केला, शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली, अक्षर बाकी मोठं हाय, आणि खोक्यांवर बोट ठेवून पहिला धवला सुरू केला.

पहिला झाला, दुसरा झाला. ती पान उलटायचीसुद्धा वेळेवर. बायका माना वाकवून बघत होत्या आणि एकीने मला हळूच विचारलं, ही मोडी का? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? भाऊ घड्याळ बघत होता, आणि डीजेवाला बटणाला हात लावून तयार होता.

मग देवांना बोलवायचा धवला आला. गावदेवी झाली, वेशीवरचा देव झाला, आणि आत्या थांबली. तिने पुस्तकात बघितलं. बोट त्या खोक्यांवरून पुढे गेलं, मागे आलं. तिने तोंडाशी पदर नेला, आणि मला कळलं की आता खोकला येणार. डीजेवाल्याने भावाकडे बघितलं, आणि भावाने मान हलवायला घेतली.

मी आयुष्यात चारचौघांत गायले नाही. शाळेत राष्ट्रगीताला मला बाई मागे उभं करायच्या. पण ताट हातात असताना, ठरवलंबिरवलं काही नसताना, माझ्या तोंडातून ओळ बाहेर पडली, "आता येऊ दे खाडीवरची आई." बेसूर आणि चांगली मोठ्याने. गोदामात मी ज्या आवाजात ट्रक मागे घ्यायला सांगते त्याच आवाजात.

आत्याचा पदर खाली आला. तिने ती ओळ माझ्याकडून घेतली, सुरात लावली आणि पुढे निघाली. पुढे दोनदा ती थांबली, दोनदा नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही वेळा ओळ माझ्याकडे होती. मी ती कधी पाठ केली नव्हती. आपोआप आली होती. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. मधे डीजेवाला खुर्ची ओढून बसला आणि त्याने नारळ फोडायलाही मदत केली. मी भावाला एवढंच म्हणाले की घड्याळ खिशात घाल.

दुसऱ्या दिवशी मी मराठीचा गठ्ठा परत मागवला. अक्षरं जशीच्या तशी जागेवर होती, एकही ओळ हरवली नव्हती. नीट पुस्तक छापून आत्याला नेऊन दिलं. तिने चाळलं, छान झालं म्हणाली, आणि परत दिलं. तिला खोक्यांचंच पाहिजे. हे कोणी पण वाचील, म्हणाली, ते कोणाच्या बापाला वाचता येणार न्हाय. भाऊ आता त्या पुस्तकाला हात जोडतो. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

महिन्याभराने दिघाशीहून एक माणूस आत्याला हळदीचं बोलवणं घेऊन आला. मी तेव्हा तिच्याकडेच होते, आत चहा टाकत होते. आत्याने त्याला पाणी दिलं, नवरीचं नाव विचारलं, देव कुठले ते विचारलं. मग म्हणाली,

"मी एकटी न्हाय येत. आमी दोघी येतो."

मला कुणी विचारलं नव्हतं. मी आतून ओरडले, तारीख काय आहे ती सांगा, मला सुट्टी टाकावी लागेल.