हप्त्यावरची गादी

ये गं, अशी जवळ बस. आणि तो नवा फोन जरा पालथा ठेव. हप्त्यावर घेतलास ना? तरीच मावशीकडे महिनाभर फिरकली नाहीस. घाबरू नकोस, ओरडत नाहीये. ओरडायला मला तोंड राहिलंय कुठे? माझंच ऐक.

आमची लेक अमेरिकेत, आणि कित्येक वर्षांत इकडे आली नाही. दर सुट्टीला "पुढच्या वेळी नक्की, आई". मी आपली माझी अक्कल चालवली: पोरीला तिकडच्या सुखाची सवय झाली, येलहंक्याच्या या घरातल्या कापसाच्या गादीवर आता तिची पाठ टेकत नसणार.

तिकडच्या लोकांच्या कर्जावर तर मी भजनी मंडळात प्रवचन द्यायचे. घर कर्जाचं, गाडी कर्जाची, शिक्षण कर्जाचं, सोफासुद्धा कार्डावर! ऋण काढून सण करणारी माणसं, असं म्हणून मी चहात बिस्कीट बुडवायचे.

आणि मग गेले की एका दुकानात, लेकीसाठी नुसती गादी बघायला. दुकानदार म्हणाला, झोपून बघा अक्का. झोपले. तिथेच फसले, उठवेचना. किंमत ऐकून मात्र ताडकन उठले. तर तो म्हणे, पैसे आत्ता कुठे मागतोय, दर महिन्याला स्वल्प स्वल्प द्या, व्याज नाही. आता स्वल्प म्हणजे थोडं, एवढं कानडी मला जन्मापासून येतं. पण थोडं थोडं मिळून केवढं होतं, ते काही त्या गादीवर सुचलं नाही. गादीला शोभेल असा पलंग घेतला. खोली तापते म्हणून एसी घेतला. एसी लागल्यावर पडदे केविलवाणे दिसायला लागले, मग पडदे.

आमचे हे बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले, भाजीपासून भांडणापर्यंत सगळं रोखीने. दारात उभे राहून म्हणाले, "अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. तू अंथरूणच उधार आणलंस." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. म्हणजे बोलले, पण कमी.

मग लेकीला व्हिडिओवर खोली दाखवली. वाटलं, पोरगी हरखेल. तिने विचारलं, एवढे पैसे आणले कुठून? मी ऐटीत सांगितलं, बिनव्याजी हप्ते. ती म्हणाली, "आई, आमचंही असंच सुरू झालं गं."

मग एकेक बाहेर आलं. कार्डवाले महिन्याला थोडेच मागतात म्हणे. तेवढेच भरत राहिलं की व्याज चढतं आणि कर्ज जागचं हलत नाही. सामान इतकं झालंय की घरात मावेना, ते ठेवायला बाहेर खोली भाड्याने घेतलीय. इथे व्हाइटफील्डला माणसांना परवडेल अशी खोली मिळेना, आणि हिच्या जुन्या सोफ्याला स्वतंत्र बिऱ्हाड! मी हसले, तीही हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

म्हटलं, म्हणून येत नाहीस होय?

"तिकिटाचं जमवू गं कसंतरी. पण दोन बॅगा भरल्याशिवाय माहेरी तोंड कसं दाखवू? कुणाला काय हवंय ते तूच सांगतेस ना फोनवर."

सांगत होते खरी. जाऊबाईंना सेंट, त्यांच्या नातवाला घड्याळ, मंडळातल्या बायकांना चॉकलेटं. निम्म्यांनी मागितलंही नव्हतं. "माझी लेक आणेल की," असं मीच सगळ्यांना सांगत सुटले होते. म्हणजे गादीबिदीचा काही संबंधच नव्हता. पोरगी माझ्या तोऱ्याला भिऊन तिकडे अडकली होती, आणि मी इकडे तिच्यासाठी पडदे निवडत होते.

दुसऱ्या दिवशी फोन घेऊन बसले आणि सगळ्यांना सांगून टाकलं, लेक काही आणणार नाही, मीच नको म्हटलंय. नाक पार चेपलं गं माझं. शेवटी जाऊबाईंना फोन लावला. मला वाटलं, आता ऐकवतात. तर म्हणाल्या, "सरी, बरं, सेंट राहू दे. पोर येतेय का नाही, तेवढं सांगा."

काल लेकीला हे सगळं सांगितलं. म्हटलं, दिवाळीसाठी थांबू नकोस, तेव्हा तिकिटं महाग असतात. ज्या दिवशी स्वस्त मिळेल त्या दिवशी निघ. अंगावरच्या कपड्यांनिशी आलीस तरी चालेल, पण लवकर ये बाळा.