भातुकलीतली हळद

खरवईत नव्या इमारतीसाठी खणलेली माती तपासायला गेले, तर सुकलेल्या ढेकळांवर पिवळा थर फुललेला. अंबरनाथचं आमचं अंगणच आठवलं. बाबांनी केमिकल कंपनीमागची फुकटची माती आणून तिथे भराव घातला होता. उन्हाळ्यात तीही अशीच फुलायची. बाहुलीच्या लग्नात तीच हळद म्हणून मी धाकट्या सुमीच्या हातांना चोळली. हात चिघळले.

"उष्णता झाली असेल," आई म्हणाली.

ते कातडी जाळणारं क्रोमियम होतं. माती सुकताना पाण्याबरोबर वर येतं.

"मॅडम, नुसता कलरच आहे ना?" बिल्डरच्या माणसाने विचारलं.

सुमीने स्वतःच्या लग्नात हळद लावू दिली नव्हती. सगळे तिला हट्टी म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने मी.