आमेनच्या आधीचा घास

बाबांची जेवणाआधीची प्रार्थना एवढी लांब असे की तेवढ्यात वरणावर साय धरायची. साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या अलीकडे असलेल्या एका लहान गावात ते मिशनचे उपदेशक होते. ताटं वाढली की ते डोळे मिटत आणि पुढ्यातल्या भाकरीपासून सुरुवात करून आजारी, प्रवासी, सरकार, मिशनचे साहेब, साहेबांचं लंगडं घोडं अशी सगळ्यांची खबर प्रभूच्या कानी घालत. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. पोटात कावळे ओरडत असत आणि मी एक डोळा किलकिला करून भाकरीकडे बघत असे. आई हे बघायची, पण कधी रागावली नाही. का रागावत नसे ते मला एका उन्हाळ्यात कळलं.

साता समुद्रापलीकडची मोठी लढाई नुकतीच संपली होती. मानमोडीच्या तापाने डोंगराकडचे पाडे ओस पडले होते आणि वर पावसानेही दगा दिला होता. लाकडाची मोळी विकायला येणाऱ्या एका बाईचा नवरा त्या तापातच गेला. पायथ्याच्या पाड्यावरून ती पहाटे निघे. आमच्या अंगणातल्या लिंबाखाली आपल्या दोन्ही मुलांना बसवी आणि मोळी डोक्यावर घेऊन गावात गिऱ्हाईक शोधत फिरे. मुलगी सहा-सात वर्षांची, आणि तिच्या मांडीवर धाकटा भाऊ. खाली पडलेल्या निंबोळ्यांतून पिकलेल्या निवडून ती त्याच्या तोंडात पिळायची, आणि साली स्वतः चघळायची.

आईने एकदा ते पाहिलं मात्र, आणि तिचे पिठाचे हात परातीतच थांबले. आमच्याही घरात काही दुधातुपाचा पूर वाहत नव्हता. पण तिने दोघांना आत बोलावलं, आमच्या पंगतीला बसवलं, भाकरी आणि पातळ वरण वाढलं. बाबा तर फारच खूश झाले. भुकेली लेकरं आपल्या ताटावर आली म्हणजे प्रभूच आला असं ते मानत. त्या खुशीत त्यांनी त्या दिवशी प्रार्थना नेहमीपेक्षाही लांबवली. या लेकरांसाठी, त्यांच्या आईसाठी, मेलेल्या बापासाठी. आमेन म्हणून आम्ही डोळे उघडले तर दोन्ही पाट रिकामे. भाकरी तशीच्या तशी ताटात होती.

मला हसू आवरेना. बाबांचा चेहरा मात्र एवढा पडला की आजही आठवला की वाईट वाटतं.

दुपारी मोळीवाली परत आली ती रागातच. आई खानदेशातलीच असल्याने दोघींचं अहिराणीत जमायचं. बाबा नगरकडचे, त्यांची अहिराणी ऐकून गावातल्या म्हशीसुद्धा माना वळवत.

"बाई, भाकर चालस, मंतर नही चालस," मोळीवाली म्हणाली. "तुम्हीन डोया मिची मंतर म्हनतस, मंग जेवाले देतस. मना पोरे बाटी जातीन. मनी पोरशी लगीन कोन करी?"

मंतरलेलं खाल्लं तर पोरं बाटतील, ही तिची भीती उगाच नव्हती. पाड्याने वाळीत टाकलं असतं तर त्या विधवेने दोन पोरं घेऊन जायचं कुठे? आणि मुलांना उपाशी ठेवायचीही तिला काही हौस नव्हती. ती निघाली तेव्हा मुलगी सारखी मागे वळून आमच्या दाराकडे बघत होती.

त्या संध्याकाळी आईने बाबांना सांगितलं, "उद्यापासून ती मुलं पानावर असतील तेव्हा प्रार्थना करू नका."

बाबा ताडकन उठले. "आभार न मानता जेवायचं? उपदेशकाच्या घरात?" बाबा अशा बाबतीत फार कडक. जत्रेतला प्रसाद कुणी दिला तर हात जोडून परत करायचे. दुसऱ्या देवाला दाखवलेलं अन्न त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

आईचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही. "छपन्याच्या मोठ्या दुष्काळात, मी एवढीशी असताना, मला मिशनच्या लोकांनी रस्त्यावरून उचलून आणलं," ती म्हणाली. "पुढ्यात कण्यांची वाटी ठेवली, आणि आधी प्रार्थना. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. आमेन म्हटलं की खायला मिळतं, एवढं कळलं. त्या वेळी कुणी सैतानाचं नाव घ्यायला लावलं असतं तरी घेतलं असतं मी. प्रभूवर माझा जीव नंतर जडला, पोट भरल्यावर."

माझी आई आपल्या लहानपणाबद्दल बोलते हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिला आपलं गाव आठवत नव्हतं, आईबापाचं नावही आठवत नव्हतं. ती वाटी मात्र आठवत होती. मला एकदम तिला जाऊन बिलगावंसं वाटलं.

"आणि न्यायाच्या दिवशी प्रभू काय विचारणार, ते तुम्हीच दर रविवारी सांगता," आई पुढे म्हणाली. "भुकेल्याला जेवू घातलंस का, एवढंच ना? आधी किती वेळ बोललास हे कुठे विचारणार आहे?"

दुसऱ्या दिवशी मोळीवाली येताच आई तिला सामोरी गेली. आमच्या लोकांत शपथ घेत नाहीत. एकदा मी 'देवाशप्पथ' म्हटलं म्हणून बाबांनी मला चांगलं फटकावलं होतं. पण इथे कुणी काही म्हणणार नाही, असं सांगताना आईने सरळ माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हाई दख, मनी पोरना डोकावर मना हात शे. आठे कोनी काईच म्हनाव नही."

मोळीवालीने मोळी उतरवली आणि ती उंबऱ्यावर बसली. पोरांना तिने आत जाऊ दिलं, पण नजर बाबांच्या तोंडावर. मुलांचीही नजर तिथेच. ताटं वाढून झाली. सवयीने बाबांचे ओठ किंचित हलले, तशी ती मुलगी भावाचा हात धरून अर्धवट उठली.

बाबांनी घाईघाईने भाकरीचा मोठा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि सगळ्यांना दिसेल असा तोंडात घातला. ते चावत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, तिखट लागलं असेल. आता कळतं, जन्मात पहिल्यांदा त्यांनी आभार न मानता घास घेतला होता आणि तो त्यांना गिळवत नव्हता.

मुलं मात्र खाली बसली आणि ताटावर तुटून पडली. धाकट्याला तर आईने "हळू रे, हळू" म्हणत पाणी पाजलं. उंबऱ्यावरच्या बाईने पदराने तोंड झाकून घेतलं.

मग तो सगळा उन्हाळा ती दोघं आमच्या पंगतीला असत. रविवारी प्रार्थनेला येणाऱ्या मंडळीतल्या काही जणांनी नाकं मुरडली. बाबांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. जेवण झाल्यावर ते मागच्या दारी जाऊन आभार मानत. भरल्या पोटी प्रार्थना आटोपशीर होते, असं आई म्हणे, आणि बाबा तिच्याकडे डोळे वटारून बघत. त्या वर्षी पाऊस बरा झाला. पेरणीला मोळीवाली पाड्यावरच राहिली आणि लिंबाखालची जागा रिकामी झाली. मला करमेना.

भाद्रपदात एके दिवशी ती मुलांना घेऊन दारात उभी. मुलीच्या गालांवर जरा मांस आलं होतं. बाईच्या हातात पळसाच्या पानांत बांधलेली मक्याची भाजलेली कणसं होती, त्यांच्या वावरातली पहिली. तिने ती बाबांपुढे धरली. बाबा अवघडले. पाड्यावर नवं धान्य आधी देवाला दाखवतात, मगच कुणी तोंडात घालतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नको म्हणून जोडायला ते हात वर उचलतच होते.

"भाऊ, देवले आजून दखाडेल नही," ती हलकेच म्हणाली. "काईच म्हनेल नही. खा."

देवाच्या आधी नवं खाल्लं तर देव कोपतो आणि पोरांवर उठतो, अशी मोळीवालीची श्रद्धा होती. हे आईला माहीत होतं. तिच्या तोंडून "नको गं बाई" असं निघूनही गेलं. पण त्या बाईने एक कणीस उचललं, दोन्ही मुलांकडे एकदा नीट बघितलं, आणि बाबांना दिसेल अशा बेताने चार दाणे सोलून तोंडात टाकले.

बाबांनी दोन्ही हात पुढे करून कणीस घेतलं आणि उभ्या उभ्याच खायला लागले. ती अजून चावतच होती. तो घास तिलाही गिळवत नव्हता.