राखेच्या चवीची वाइन

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये शहापूर तालुक्यातल्या एका लहान वाइनरीचे नमुने युरोपातल्या खरेदीदाराने नाकारले. कारण एका वाक्यात दिलं होतं: लाल वाइनला विझलेल्या राखेची चव आहे. त्याच आठवड्यात वाइनरीच्या मॅनेजरने मळ्याच्या मुकादमावर हातभट्टी लावल्याचा संशय घेतला. हे मुकादम म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही त्यांना दाजी म्हणतो.

द्राक्षांचा रस ज्या शेडमधल्या टाक्यांत आंबवतात, तिला लागून पंपाची खोली आहे. तिच्यामागे चुलीसारखे मांडलेले तीन काळे दगड सापडले. एप्रिलमध्ये द्राक्षांची तोडणी चालू होती आणि त्याच दिवसांत मोहाची फुलंही पडत होती. मॅनेजर घाटावरचा, निफाडकडचा. त्याने या गोष्टी जोडल्या. दाजींनी तिथे मोहाची दारू गाळली, धूर शेडमध्ये शिरला, टाक्यांतला रस बिघडला, असं त्याचं म्हणणं. कामावरून काढणार हे त्याने तोंडावर सांगितलं. मालकांशी बोलून पोलिसांत तक्रारही देणार होता.

ताईचा फोन आला तेव्हा मी मुंबईत, ऑफिसात होतो. "तू पेपरात काम करतोस. तुला इचारायची सवय हाय. ये नि इचार," ती म्हणाली.

"दाजी काय म्हणतात?"

"काय म्हणतात? नाय म्हणतात. नि गप बसतात."

गप बसणं मला आवडलं नाही. बातमीच्या कामात गप बसणाऱ्या माणसाकडे आधी बघतात.

मी रविवारी आसनगावला उतरून ताईकडे गेलो. पाऊस उघडला होता. दाजी ओट्यावर बसून विळ्याची मूठ बसवत होते. मी समोर बसलो आणि सरळ विचारलं, "पंपामागं चूल कुणी मांडली?"

"तोडणीला बाया होत्या. चहा करत असतील."

"असतील की होत्या?"

त्यांनी मूठ दगडावर आपटली. "मी बघितला नाय. बघितला असता तर उठवल्या असत्या. शेडजवळ आग नको, मीच सांगितला होता."

उत्तर पटण्यासारखं होतं. पण मला एप्रिल आठवत होता. चौदा एप्रिलच्या जयंतीला मी याच घरी आलो होतो. मिरवणुकीसाठी दाजींनी पांढरा सदरा घातला, त्याआधी अंगातला कामाचा शर्ट काढून दोरीवर टाकला. त्या शर्टाला धुराचा वास होता. ताईने तो दोरीवरून उचलून दुसरीकडे टाकला होता. तेव्हा मी काही विचारलं नाही. आता विचारलं तर तो वास माझ्या तोंडून पुरावा होणार होता. म्हणून थांबलो.

या मळ्यावर गावाचा विश्वास पहिल्यापासूनच नव्हता. भारतात वाइनची द्राक्षं मुख्यतः घाटावर होतात. जगाच्या वाइन उत्पादनात देशाचा वाटा एक टक्काही नाही, आणि त्यातला मोठा हिस्सा नाशिकच्या आसपासचा. युरोपात द्राक्षं सप्टेंबरच्या सुमाराला काढतात. आपल्याकडे पाऊस संपला की छाटणी करतात आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये उतरवतात. अशा परिस्थितीत कसाऱ्याच्या खाली, भाताच्या मुलखात, एवढ्या पावसात कुणी वेली का लावेल, हा प्रश्न गावाने पहिल्याच वर्षी विचारला. मळा नावाला, पुढे फार्महाउसचे प्लॉट पडणार, असं बहुतेकांचं मत. मुंबईपासून जवळ, पाहुण्यांना मळा दाखवता येतो, हे मालकांचं उत्तर होतं. ते कुणी खरं मानलं नाही. दाजींनी मुकादमी घेतली तेव्हा ते कंपनीचे झाले, असंही लोक बोलले.

दुपारी शेजारची मावशी ओट्यावर येऊन बसली. ती तोडणीला होती. दाजी तेव्हा आत जेवत होते.

"काय रे, पेपरवाल्या, दाजीला सोडवाया आलास?"

"तुमीच सांगा मावशी, शेडमागं भट्टी होती का?"

"भट्टी असती तर माजा म्हातारा घरी सापडला असता का? तो वासावर जातो." ती हसली. "नि धुराची लागली वाइन तर काय झाला? गोऱ्यांना तंदुरी चालते ना?"

ताई आतून म्हणाली, "मावशे, इथं आमच्या पोटावर आलंय."

"तेच सांगतंय गो. भट्टी लावाया टाइम कुणाला व्हता? दिवसभर घड तोडायचं, नि संध्याकाळी राब भाजायचा. कंबर मोडली माजी."

मी विचारलं, "रोज संध्याकाळी?"

"मंग कदी? दिवसा तोडणी. तुज्या दाजीनंच सांगितला ना, दिवसा कुणी खाडा करू नका, राब सांजचा एकदमच उरकू. त्या आठवड्यात सगल्यांनीच भाजला."

राब म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. पावसाआधी भाताचं रोप टाकायची जागा भाजून घेतात. तिच्यावर शेण, पालापाचोळा, ऐनाच्या छाटलेल्या फांद्या आणि गवत पसरून वर माती टाकतात. मग वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे जाळ उठत नाही, आतल्या आत धुमसत राहतं. एरवी मार्चपासून मेपर्यंत ज्याला सवड होईल तो भाजतो. आज एक वावर, चार दिवसांनी दुसरं. धूर वाऱ्यावर जातो. कुणी त्याकडे आग म्हणून बघत नाही. शर्टाला वास येतो, तेवढाच.

मी ओट्यावरून उठून मळ्याच्या दिशेने चालत गेलो. मळा खोलगट जागेत आहे. राबाची वावरं तिन्ही बाजूंनी उताराला, कुंपणाला टेकून. संध्याकाळी वारा पडतो, आणि त्या खळग्यात बाहेर जायला वाट नाही. जयंतीच्या दिवशी मिरवणुकीतून परतताना खाली निळसर थर दिसला होता. मी त्याला धुकं समजलो होतो. एप्रिलमध्ये.

परत आलो तेव्हा दाजी हात धूत होते. मी म्हटलं, "दाजी, राबाचं तुमी मॅनेजरला सांगितलं नाही."

त्यांनी हात पुसले.

"कदी कळलं तुमाला?" मी विचारलं.

"गेल्या आठवड्यात. तो राख राख बोल्ला तेव्हा."

"मग सांगा की. भट्टीचा विषयच संपतो."

"नि मंग?" ते खाली बसले. "मंग तो लिहून घेणार. मळ्याभोवती राब भाजायचा नाय. कुंपणाला लागून सगली वावरं हायत. रोप कुठं टाकायचं लोकांनी? नि बोलतील, याच्या नोकरीपायी आमचा राब गेला. भट्टीवाला बोलले तर एक मी."

ताई दारात उभी होती. "नि पोलीस आलं तर पण एक तुमीच का?"

ताईने माझ्याकडे बघितलं. ती मला गप राहायला सांगत होती की बोलायला, हे मला समजलं नाही. मी मॅनेजरला फोन केला नाही.

चार-पाच दिवसांनी वाइनरीचा वाइनमेकर गावात आला. वाइन कशी आंबवायची, कधी बाटलीत भरायची, हे ठरवणारा माणूस. तो ऑस्ट्रेलियात शिकलेला होता. तो आला तेव्हा मी तिथे नव्हतो. पुढचं ताईकडून आणि नंतर त्या माणसाकडून स्वतंत्रपणे विचारून घेतलं. दोघांचं सांगणं जुळतं.

तो आधी टाक्यांकडे गेला नाही. घरी आला, पाणी प्याला आणि दाजींना म्हणाला, "टाकीत धूर शिरून अशी चव येत नाही. ही सालीतून येते. द्राक्ष वेलीवर असताना धूर बसला की खाताना कळत नाही, वाइन झाली की वर येतं. तिकडे जंगलं पेटतात तेव्हा असं होतं. इथे जंगल कुठे पेटलं होतं?"

दाजी म्हणाले, "जंगल नाय."

"मग?"

ताईच्या म्हणण्याप्रमाणे, दाजींनी चप्पल घातली, त्याला कुंपणापर्यंत नेलं आणि हात करून वावरं दाखवली. तेव्हा तिथे लावणी होऊन हिरवं भात उभं होतं. भाजल्याची खूण कुठेच नव्हती. "इथं, इथं नि तिथं," ते म्हणाले. "मीच सांगितलेला सगल्यांना, एकदम भाजा म्हणून. तोडणी बुडू नये म्हणून."

वाइनमेकरने विचारलं, तोडणी एप्रिलमध्ये का होती? तो निर्णय दाजींचा नव्हता. परतीचा पाऊस लांबला, म्हणून छाटणी मॅनेजरने पुढे ढकलली होती. घाटावर चाललं असतं. इथे माल राबाच्या दिवसांत पिकला.

वाइनमेकर गेल्यावर दाजी आत आले आणि ताईला म्हणाले, "बोललू मी." ती म्हणाली, "ऐकलं." त्या संध्याकाळी मावशी आली नाही. नंतर काही दिवस पाण्यावर ताईशी बोलायला कुणी थांबत नव्हतं. गावात दोन गोष्टी फिरत होत्या. एक, दाजींनी राबाचं सांगून स्वतःला सोडवलं. दुसरी, हे सगळं पेपरवाल्या मेव्हण्याने कंपनीला कळवलं. दुसरी खरी नाही. हे मी ताईलाही सांगितलं. तिने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही.

त्या तीन दगडांवर चहा झाला की दुसरं काही, याची खातरजमा झाली नाही. तोडणीच्या बायांपैकी कुणी ती चूल आपली म्हटली नाही.

दिवाळीनंतर मी मॅनेजरला फोन केला. तो एवढंच म्हणाला की हा विषय मालकांकडे आहे. मालकांनी फोन उचलला नाही. तालुक्याच्या ठाण्यात चौकशी केली तेव्हा दाजींच्या नावावर कोणतीही तक्रार आलेली नाही, असं सांगण्यात आलं. छाटणीला नाशिककडची टोळी आली. दाजींना निरोप नव्हता, आणि काढल्याचंही कुणी कळवलं नाही.

या वर्षी मार्चमध्ये कंपनीचा माणूस राब न भाजण्याच्या लेखी हमीसाठी घरोघर फिरला. ताईच्या सांगण्यानुसार कुणीही सही केली नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दाजींनी स्वतःच्या वावरात राब भाजला. तेव्हा मळ्यातली तोडणी उरकली होती.